पाऊस असला की बँकेचे गेटवे चालते, उघडीप झाली की बंद: प्रॉक्सीच्या पॅकेटला सोर्स पत्ता कोण देतो?

फोंड्याची_सर्व्हरवाली (प्रश्न)

नमस्कार. फोंड्यातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर, स्विच, प्रिंटर, यूपीएस हे सगळे माझ्याकडे आहे. शाखा चार: शिरोडा, साखळी, वाळपई, केपे. आधी लक्षण सांगते, कारण तीन आठवडे त्यानेच मला चकवले.

जोराचा पाऊस होऊन आमची पहिली इंटरनेट लाइन गेली की जोडीदार बँकेचे गेटवे (पैसे पाठवायचा तिचा सर्व्हर) व्यवस्थित चालते. एनईएफटी जातात, आयएमपीएस जातात. उघडीप झाली, केबलवाल्याच्या मुलांनी फायबर जोडली, लाइन परत आली की दहा-पंधरा सेकंदांत गेटवे बंद. वाळपईच्या कॅशियरबाईंनी हे माझ्याआधी ओळखले. फोनवर म्हणाल्या, "बाय, आमच्याकडे पावसाने धरले की पैसे जातात, ऊन पडले की अडकतात." मी तेव्हा ते मनावर घेतले नाही. नंतर लॉगमधल्या वेळा लाइनच्या वेळांशी ताडून पाहिल्या, तर त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले.

मांडणी अशी आहे (खरे पत्ते बदलून उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते लिहिते):

डेबियन १२ चा एक सर्व्हर, त्याला बाहेरच्या दोन लाइन. ईनो१ या नेटवर्क कार्डावर स्वस्तातली फायबर, पत्ता १९२.०.२.१०, गेटवे १९२.०.२.१. ईनो२ वर लीज लाइन, पत्ता १९८.५१.१००.१८, गेटवे १९८.५१.१००.१७. डिफॉल्ट रूट (बाहेर जायची नेहमीची वाट) दोन्ही आहेत, फायबरचा मेट्रिक १०० आणि लीजचा २००; कमी मेट्रिकची वाट आधी धरली जाते. माझी एक लहान स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी पिंग करते आणि फायबर मेली तर तिचा डिफॉल्ट रूट काढते, परत आली की घालते. शाखा वायरगार्डने (व्हीपीएन, खासगी बोगदा) आत येतात, त्यांचे पत्ते १०.२०.०.०/१६ मधले.

बँकेच्या गेटवेचा पत्ता २०३.०.११३.४०, पोर्ट ४४३. बँकेने फक्त आमच्या लीज लाइनचा पत्ता मंजूर केला आहे. म्हणून शाखांची मशीन थेट बँकेकडे जात नाहीत. ती सर्व्हरवरच्या एचएप्रॉक्सीला (मधल्या दलाल प्रोग्रामला) ८४४३ वर जोडतात आणि एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये पुढे बँकेशी बोलते.

बँकेकडे जाणारे सगळे लीज लाइननेच जावे म्हणून मी आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या पॅकेट-नियमांच्या) मँगल टेबलात, आउटपुट चेनमध्ये (सर्व्हरवरूनच निघणाऱ्या पॅकेटांसाठी), २०३.०.११३.४० कडे जाणाऱ्या पॅकेटला मार्क २ (एक खूण) लावला. मार्क २ असेल तर टेबल २०० बघ, असा आयपी रूल. टेबल २०० मध्ये डिफॉल्ट १९८.५१.१००.१७ मार्गे.

काल टीसीपीडंप (पॅकेट बघायचे साधन) लावून बसले. सिन पॅकेट (जोडणीची पहिली हाक) ईनो२ वरूनच बाहेर पडते. पण त्यावर सोर्स (पाठवणाऱ्याचा) पत्ता १९२.०.२.१०! दार लीज लाइनचे, नाव फायबरचे. उत्तर काहीच नाही. १ सेकंदाने पुन्हा सिन, मग २ सेकंदांनी, आणि ५ सेकंदांवर एचएप्रॉक्सी सोडून देते. लॉगच्या शेवटी लहान एस, मोठा सी, म्हणजे जोडणी होण्याआधीच मुदत संपली.

मला सगळ्यात गोंधळात टाकते ते हे: 'आयपी रूट गेट २०३.०.११३.४० मार्क २' असे विचारले तर कर्नल स्वच्छ सांगतो की ईनो२, सोर्स १९८.५१.१००.१८. मग प्रत्यक्ष पॅकेटवर दुसराच पत्ता कसा?

चतुर्थी तोंडावर आली आहे. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) बाजाराच्या आठवड्यात लोक सगळ्यात जास्त पैसे काढतात, मुंबई-पुण्याहून पोरे घरी पाठवतात ते पैसेही याच वाटेने येतात. मला तात्पुरता जुगाड नको, कळून घ्यायचे आहे.

म्हापशाचा_रूटर

मास्करेड (बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा सोर्स पत्ता बदलणारा नियम) बघा. तुमचा मास्करेडचा नियम बहुतेक फक्त १०.२०.०.०/१६ साठी असेल. एचएप्रॉक्सीचे पॅकेट सर्व्हरवरच जन्माला येते, त्याचा सोर्स त्या रेंजमध्ये नाही, म्हणून नियम त्याला लागतच नाही. पोस्टरूटिंगमध्ये (बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यावर) ईनो२ वरून २०३.०.११३.४० कडे जाणाऱ्याला एसनॅट करून (सोर्स पत्ता बदलून) १९८.५१.१००.१८ द्या. पाच मिनिटांचे काम.

फोंड्याची_सर्व्हरवाली

धन्यवाद. मास्करेडचे तुम्ही म्हणता तसेच होते. एसनॅट लावला आणि अर्धे काम झाले. आता सिन बरोबर पत्त्याने जाते. बँकेकडून सिन-ॲक (हाकेला होकार) परत येतानाही टीसीपीडंपमध्ये दिसते, ईनो२ वरच, १९८.५१.१००.१८ च्या नावानेच. पण एचएप्रॉक्सी ते घेत नाही. आमच्याकडून पुन्हा सिन, तिकडून पुन्हा सिन-ॲक, शेवटी तोच लहान एस, मोठा सी. इनपुट चेनचा (सर्व्हरसाठी आत आलेल्या पॅकेटांचा) काउंटरही हलत नाही. पत्र दारापर्यंत येते आणि घरात पोचत नाही, असे चालले आहे.

जुना_एक्सचेंजवाला

ताई, तुमचे निरीक्षण नीट आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी मडगावला टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर दोन-चार संस्थांची नेटवर्क बघतो. दोन लाइनच्या सर्व्हरवर ही गफलत मी स्वतः केली आहे आणि इतरांकडेही पाहिली आहे.

पहिली गोष्ट, प्रॉक्सी म्हणजे रूटर नव्हे. रूटर आलेले पॅकेट पुढे ढकलतो, त्यावरचा सोर्स पत्ता आधीच लिहिलेला असतो. प्रॉक्सीत शाखेचे कनेक्शन एचएप्रॉक्सीपाशी संपते. बँकेकडे जाते ते नवे कनेक्शन, नव्या सॉकेटवरचे (सॉकेट म्हणजे प्रोग्रामकडचे जोडणीचे टोक). वाळपईच्या मशीनचा पत्ता त्यात कुठेच नाही. आणि त्या नव्या सॉकेटला कोणी बाइंड केले नसेल (पत्ता आधीच ठरवून दिला नसेल) तर सोर्सची जागा कोरी असते. ती कर्नल भरतो.

कधी भरतो? कनेक्ट म्हटल्याबरोबर. पहिले पॅकेट तयार होण्याच्याही आधी कर्नल रूटिंग टेबलाला विचारतो: २०३.०.११३.४० ला जायचे आहे, सोर्स ठरलेला नाही, कुठून जाऊ? या क्षणी मार्क नाही, कारण मार्क तुम्ही पॅकेटवर लावता आणि पॅकेट अजून जन्मलेले नाही. म्हणून उत्तर मेन टेबलातून येते, सगळ्यात कमी मेट्रिकचा रूट, ईनो१. त्या रूटवर 'सोर्स' म्हणून पत्ता लिहून ठेवला असेल तर तो, नसेल तर त्या इंटरफेसवरचा, गेटवेच्या सबनेटमध्ये बसणारा पत्ता. झाले, १९२.०.२.१० कोरला गेला. सॉकेट मरेपर्यंत तो बदलत नाही.

मग पॅकेट बनते, मँगलच्या आउटपुट चेनमध्ये येते, तिथे मार्क लागतो. मार्क बदललेला दिसला की नेटफिल्टर (कर्नलमधली पॅकेट-चाळणी) रूट पुन्हा शोधायला लावतो. नवा रूट ईनो२. पण तेव्हा फक्त वाट बदलते, पत्ता नाही. म्हणून दार लीजचे, नाव फायबरचे. 'आयपी रूट गेट' ने तुम्हाला खोटे सांगितले नाही. तुम्ही मार्क आधीपासून असल्याचे धरून विचारले, त्याने त्याचे उत्तर दिले. मार्क न देता विचारून बघा, ईनो१ आणि १९२.०.२.१० हेच येईल. एचएप्रॉक्सीच्या सॉकेटला तेच उत्तर मिळते. (सॉकेटवरच कनेक्टच्या आधी मार्क लावला असता तर गोष्ट वेगळी होती.)

पावसाचे कोडेही इथेच सुटते. फायबर मेली की तुमची स्क्रिप्ट तिचा डिफॉल्ट काढते. मग मेन टेबलात एकच डिफॉल्ट उरतो, लीजचा. पहिल्याच विचारणीला १९८.५१.१००.१८ मिळतो, सगळे जुळते. कॅशियरबाईंना माझा नमस्कार सांगा.

पहिल्या सिनला उत्तर का नाही? लीज लाइनवाल्याने त्यांच्या नसलेल्या सोर्स पत्त्याची पॅकेटे दारातच टाकली असणार, आणि ते योग्यच आहे. कोणीही कोणाच्याही नावाने पॅकेट सोडू नये म्हणून २००० साली आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २८२७ मध्ये हीच शिस्त सांगितली, आणि २००४ च्या आरएफसी ३७०४ मध्ये दोन-दोन लाइन असणाऱ्यांचा खास विचार केला. त्यांनी टाकले नसते तरी बँकेने टाकलेच असते, तुमचा फायबरचा पत्ता तिच्या यादीत नाही.

आता एसनॅट. नाव शेवटच्या क्षणी बदलले, पॅकेट गेले, उत्तर आले. टीसीपीडंप उत्तर बघतो ते नेटफिल्टरच्या आधी, म्हणून तुम्हाला १९८.५१.१००.१८ दिसते. त्यानंतर प्रीरूटिंगमध्ये (आत येतानाच्या पहिल्या टप्प्यावर) कनेक्शन ट्रॅकिंग नाव उलट फिरवते, पॅकेट पुन्हा १९२.०.२.१० च्या नावाचे होते. मगच आतला रूट ठरतो. तुमच्या सर्व्हरवर आरपी-फिल्टर १ असणार, म्हणजे उलट्या वाटेची कडक तपासणी. कर्नल उलटे विचारतो: १९२.०.२.१० वरून २०३.०.११३.४० ला मी कुठून गेलो असतो? उत्तर ईनो१. पॅकेट आले ईनो२ वरून. जुळत नाही, टाका. ही तपासणी इनपुट चेनच्या आधी होते, म्हणून तुमचा काउंटर हलला नाही. 'एनस्टॅट' (कर्नलचे आकडे दाखवणारी आज्ञा) मध्ये आयपी-रिव्हर्स-पाथ-फिल्टर नावाचा आकडा बघा, प्रत्येक सिन-ॲकला एकेक वाढत असेल.

आरपी-फिल्टर २ केला, म्हणजे सैल, तर एसनॅटवरही चालेल. फक्त लक्षात ठेवा, 'ऑल' ची किंमत आणि त्या इंटरफेसची किंमत यांतली मोठी धरली जाते. 'ऑल' मध्ये १ ठेवून ईनो२ वर ० लिहिला तर काही बदलत नाही. २ लिहिला तर बदलतो. पण मी तुम्हाला तो रस्ता सुचवणार नाही. आधी चुकीचे नाव लिहू द्यायचे, मग खोडायचे, मग खोडलेले चालावे म्हणून पहारा सैल करायचा. एका चुकीवर तीन ठिगळे होतात, आणि सहा महिन्यांनी ती का लावली हे तुम्हालाही आठवणार नाही.

मुळात नाव बरोबर लिहा. ते काम एचएप्रॉक्सीचेच आहे. बँकेच्या बॅकएंडमध्ये, सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी, 'सोर्स १९८.५१.१००.१८' एवढे दोन शब्द. मग कनेक्टच्या आधीच सॉकेट त्या पत्त्याला बाइंड होते, जागा कोरी राहत नाही. हेल्थ चेकही त्याच पत्त्यावरून जातात, म्हणजे चेक हिरवा आणि व्यवहार बंद असा घोटाळा होत नाही. एनजिनएक्सवर असाल तर 'प्रॉक्सी बाइंड', स्क्विडवर 'टीसीपी आउटगोइंग ॲड्रेस'.

आणि पत्त्याप्रमाणे वाट. आयपी रूल: फ्रॉम १९८.५१.१००.१८ असेल तर टेबल २००, फ्रॉम १९२.०.२.१० असेल तर टेबल १००, त्यात डिफॉल्ट १९२.०.२.१ मार्गे. मार्क काढा, एसनॅट काढा. आरपी-फिल्टर १ च राहू दे, कारण उलट्या विचारणीतही हाच फ्रॉम-नियम लागतो आणि उत्तर ईनो२ येते.

इथे एक खड्डा आहे. टेबल २०० मध्ये फक्त डिफॉल्ट आहे, तुमच्या शाखांचे रूट नाहीत. एखादी शाखा सर्व्हरशी १९८.५१.१००.१८ या नावाने बोलली तर तिच्या उत्तराची वाट वायरगार्डऐवजी लीज लाइनची ठरेल आणि जोडणी तुटेल. म्हणून त्या दोन नियमांच्या आधी, प्राधान्य ९०० वगैरे देऊन, 'लुकअप मेन सप्रेस-प्रिफिक्सलेंग्थ ०' असा नियम घाला. अर्थ असा: आधी मेन टेबल बघ, पण तिथला डिफॉल्ट धरू नकोस. शाखांचे नेमके रूट तिथून मिळतात, बाकीचे सगळे पुढच्या नियमांकडे जाते.

तुमची गरज फक्त या एका पत्त्यापुरती असेल तर याहून सोपी वाटही आहे: मेन टेबलात २०३.०.११३.४०/३२ साठी ईनो२ मार्गे रूट, त्यावरच 'सोर्स १९८.५१.१००.१८'. पण उद्या फायबरवरूनही बँकेची परवानगी मिळाली तर हा रूट आडवा येईल, म्हणून मी बाइंडची वाट धरतो. तेव्हा बॅकएंडमध्ये तोच बँकेचा पत्ता दोन ओळींत लिहायचा, पहिलीला लीजचा सोर्स, दुसरीला फायबरचा सोर्स आणि पुढे 'बॅकअप'. दोन्हींवर चेक. आज लीज लाइन गेली की तुमचे बँकेचे काम थांबते, त्याला दुसरे औषध नाही.

झुआरीपलीकडे

वरचे उत्तर जपून ठेवण्यासारखे आहे. एकच भर घालतो, कारण ताईंनी वायरगार्ड म्हटले आणि सर्व्हरवर डीएनएसही असणार.

टीसीपीत एकदा कनेक्शन झाले की उत्तर त्याच पत्त्यावरून जाते, फक्त वाट चुकू शकते. यूडीपीत (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवायच्या पद्धतीत) तेही नाही. ०.०.०.० वर ऐकणाऱ्या यूडीपी सॉकेटला, विचारणारा आपल्या कोणत्या पत्त्यावर आला होता याची आठवण नसते. प्रोग्रामने पॅकेट-इन्फो मागून घेऊन तोच पत्ता परत दिला नाही, तर उत्तरावरही कर्नल कोऱ्या जागेचा नियम लावतो. विचारले लीजच्या पत्त्याला, उत्तर आले फायबरच्या पत्त्यावरून, आणि क्लायंट ते अनोळखी म्हणून टाकतो. कर्नलमधला वायरगार्ड हे स्वतः सांभाळतो, समोरच्याशी बोलताना आपला कोणता पत्ता वापरला ते लक्षात ठेवतो. अनबाउंड (डीएनएस सर्व्हर) असेल तर 'इंटरफेस' मध्ये प्रत्येक पत्ता वेगळा लिहा, किंवा 'इंटरफेस-ऑटोमॅटिक' चालू करा.

दोन्ही लाइनचे राउटर एकाच स्विचवर आहेत का? असतील तर आणखी एक बघा. लिनक्स पत्ता इंटरफेसचा मानत नाही, यंत्राचा मानतो. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये दोन्ही पद्धतींची चर्चा आहे, लिनक्सने सैल पद्धत घेतली. म्हणून ईनो२ च्या पत्त्यासाठी आलेल्या एआरपीला ('हा पत्ता कोणाचा?' या विचारणेला) ईनो१ ही उत्तर देऊ शकते. एआरपी-इग्नोर १ आणि एआरपी-अनाउन्स २ केले की ते थांबते.

म्हापशाचा_रूटर

प्रीरूटिंगमध्ये नाव उलट फिरून मग आरपी-फिल्टर लागतो हे माझ्या लक्षात नव्हते. माझ्याकडे 'ऑल' मध्ये २ आहे, म्हणून एसनॅट माझ्याकडे चालत आला. ताई, तुमचा एक दिवस माझ्यामुळे गेला, माफ करा.

एक शंका. एकाच सोर्स पत्त्याला बाइंड केले तर पोर्ट संपणार नाहीत का?

जुना_एक्सचेंजवाला

रास्त शंका. लिनक्सची नेहमीची रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. एक सोर्स, एक डेस्टिनेशन, एक पोर्ट, आणि बंद झालेले कनेक्शन आपल्या बाजूला ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (पोर्ट लगेच मोकळे न होण्याच्या काळात) धरले तर सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शने. चार शाखांच्या पतसंस्थेला ते पुरून उरते. पूर्वी बाइंड करतानाच पोर्ट ठरायचे, डेस्टिनेशन माहीत नसताना, म्हणून पोर्ट लवकर संपायचे. २०१५ च्या कर्नल ४.२ पासून पत्ता आधी आणि पोर्ट कनेक्टच्या वेळी अशी सोय झाली, आणि एचएप्रॉक्सी ती वापरते.

फोंड्याची_सर्व्हरवाली

काल संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर बसले. आधी एनस्टॅट बघितले, रिव्हर्स-पाथ-फिल्टरचा आकडा ६,०००च्या वर गेला होता. एक चाचणी कनेक्शन केले, आकडा डोळ्यांसमोर वाढला. एसनॅट लावल्यापासून तो तिथेच वाढत होता आणि मी उघडून पाहिला नाही.

मग एसनॅट काढला, मार्क काढला, मार्कचा आयपी रूल काढला. टेबल १०० आणि २००, दोन फ्रॉम-नियम, त्यांच्या आधी ९०० वर सप्रेसवाला. एचएप्रॉक्सीत सोर्स. पहिल्याच सिनला सिन-ॲक, मग ॲक. आरपी-फिल्टर १ च आहे.

खड्ड्याबद्दल तुम्ही सांगितले नसते तर मी त्यात पडलेच असते, जुना_एक्सचेंजवाला सर. केप्याच्या शाखेतल्या एका जुन्या मशीनवर एचएप्रॉक्सीचा पत्ता १०.२० चा नसून १९८.५१.१००.१८ असाच भरलेला होता. मुद्दाम सप्रेसचा नियम काढून बघितला, त्याची जोडणी तुटली. परत घातला, जुळली. ते मशीनही आज बदलून घेते.

अनबाउंड ०.०.०.० वर ऐकत होते, आता तीन पत्ते वेगळे लिहिले. स्विच दोन आहेत, लाइन वेगवेगळ्या, तरी एआरपीचे दोन्ही बदल करून ठेवले.

फायबरचा पत्ताही मंजूर करावा म्हणून बँकेला संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज आज सकाळी गेला. बॅकअपची ओळ कॉन्फिगमध्ये लिहून, पुढे हॅश घालून (सध्या बंद) ठेवली आहे.

आज फोंड्यात सकाळपासून लख्ख ऊन आहे, फायबर चालू आहे. साडेदहाला वाळपईहून फोन आला. मी घाबरूनच उचलला. कॅशियरबाईंनी एवढेच विचारले की बाहेर कोरडे असूनही सगळे जाते आहे, तर मागे अडकलेल्या तीन एनईएफटी आता परत पाठवू का. पाठवा म्हटले. तिन्ही गेल्या.